मोठा पडणार की नाही

आज आमच्या ओट्यावर चार शहाणी माणसं सकाळपासून भांडत बसली होती. विषय काय, तर परदेशात कुठेतरी होणारी बॉक्सिंग, सगळ्यात वजनदार गड्यांची, जगज्जेतेपदाची. एकाच्या हातात मोबाइल, दुसऱ्याच्या हातात माझ्याच घरचा चहा, आणि चौघांचं चार तऱ्हेचं भाकीत. उंची अमुक, हाताची लांबी तमुक, याचा उजवा, त्याचा डावा. मी दोनदा सांगितलं की बाबांनो, मला यात विचारू नका. तरी एकाने विचारलंच, "आबा, तुम्ही तर तालमीतले. तुम्हाला काय वाटतं?" मी उठून आत गेलो. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला राग आला. राग आलाच होता, पण त्यांचा नाही. हाच प्रश्न मला एकदा विचारला गेला होता आणि मी उत्तर दिलं होतं. त्या उत्तरापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं, ते कसं राहिलं हे लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस, तेव्हा चूकभूल असेल. हकिगतीत चूक नाही.

आम्ही नशिराबादचे. मी तेव्हा जळगावला जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी दाबायच्या कामाला होतो आणि पहाटे गावच्या तालमीत जोर काढायचो. तालमीच्या भिंतीवर मारुतीच्या बाजूला एका बॉक्सरचा फोटो चिकटवलेला होता. आमचा तालमीतला दोस्त उस्मान जळगावला शिलाईकाम करायचा, त्याने कुठल्याशा मासिकातून कापून आणला होता. काळाकभिन्न गडी, कमरेला हा रुंद पट्टा. नाव आम्हाला कुणालाच नीट म्हणता यायचं नाही, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'मोठा' म्हणायचो. बरीच वर्षं तोच जगज्जेता होता. मग एक नवा गडी पुढे आला, त्याचाही फोटो उस्मानने आणला. त्याला 'नवा' म्हणायचो. दोघांची लढत ठरली आणि आमच्या तालमीत दोन तट पडले. मी नव्याच्या बाजूचा. कारण साधं होतं. मोठ्याच्या शेवटच्या फोटोत त्याच्या पोटावर वळी पडली होती, आणि वळी पडली की पाय जड होतात, हे मला मातीने शिकवलं होतं. बॉक्सिंग म्हणाल तर मी डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. तालमीतल्या एकानेही पाहिली नव्हती.

त्याच दिवसांत एदलाबादच्या मामांनी माझ्यासाठी शिंदखेड्याचं स्थळ आणलं. एदलाबाद म्हणजे आताचं मुक्ताईनगर. मुलीचे वडील दगाभाऊ, जुने पहिलवान, घरी बागायत, माणूस करारी. मुलगी सुमन, मॅट्रिक झालेली. "मॅट्रिक?" आई म्हणाली, "मंग ती याच्याशी बोलंल काय?" नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "बोलायचं काय त्यात? भाकरी टाकील." मुलगी पाहणं आधी होऊन गेलं होतं. तेव्हा ती पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि माझ्या मोडलेल्या कानाकडे, तालमीत मोडतो तसा तो कान, तिने असं पाहिलं की हसू आवरत असावी. मी तिथेच ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच. हे मी कुणाला सांगितलं नाही. बैठक ठरली ती बरोबर त्या लढतीच्या दिवशी. बैठकीत दोन्ही घरचं बोलणं पक्कं झालं की ताटातली सुपारी फोडायची. सुपारी फुटली की शब्द दिला, मग त्यातून कुणी मागे फिरत नाही.

आम्ही तिघं, नाना, मामा आणि मी, सकाळच्या पॅसेंजरने जळगावहून निघालो. उन्हाळा होता, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आलेली. शिंदखेड्याला उतरून दगाभाऊंच्या घरी पोहोचलो तर अंगणात मागच्या बाजूला खापर तापलेलं, मांड्यांचा वास गल्लीपर्यंत. तिघीचौघी बायका पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत खापरावर टाकत होत्या. झेलताना होणारा तो थप थप आवाज मला आजही झोपेत ऐकू आला तर जाग येते. बाहेर ओसरीत सतरंजी, मधे पितळी ताट, ताटात कुंकू आणि सुपारी. भिंतीवर कोण, तर मोठा. त्याच मासिकातला तोच फोटो, इथे मात्र काचेच्या फ्रेममध्ये. मी तो पाहिला तेव्हाच गप्प राहायचं ठरवायला हवं होतं.

दगाभाऊ साठीकडे झुकलेले, पण मान अजून बैलासारखी. एका हाताने मिशी धरून बसायची सवय. शेतीचं झालं, पाण्याचं झालं, कापसाचं झालं. मग पाहुण्याला बोलतं करावं म्हणून त्यांनी भिंतीकडे बोट करून आपल्या अहिराणीत विचारलं. "आज लढत शे यानी. सांग पहिलवान, कोन जिंकी?"

मामांनी माझ्या मांडीला चिमटा काढला. मला तो कळला. तरी मी म्हणालो, "नवा जिंकेल, भाऊ."

"का बरं?"

"मोठ्याचे पाय गेले."

"त्याना पाय तू पाह्यात का?"

"फोटोत पाहिले."

दगाभाऊ हसले. तिथेच थांबलो असतो तर चाललं असतं. पण ते म्हणाले की मोठ्याने एकदा मिठी मारली की नवा संपला, त्याच्या मिठीतून कुणी सुटलेलं नाही. आणि मी म्हणालो, "भाऊ, बॉक्सिंगमध्ये मिठी मारली की पंच सोडवतो." हे मला उस्मानने सांगितलं होतं.

"आलेली पकड पंच सोडवस?"

"सोडवतो."

"मंग तो पंच कसाना? ती लढत शे का पोरखेळ?"

झालं. पुढचा दीड तास आम्ही दोघं, ज्यांनी बॉक्सिंग कधी बघितली नव्हती, बॉक्सिंगवर भांडलो. ते उठून मला कुस्तीतली ढाक कशी लावतात ते दाखवू लागले. मी म्हणालो, त्यात ढाक नसते, पायाला हात लावला तर बाद. ते म्हणाले, मग पाय गेले तर काय बिघडलं? यावर मी नुसता आवाज चढवला. नाना म्हणत होते, "सुपडू, बस खाली." मामा म्हणत होते, "अरे बावा, हो म्हण अन् सुपारी फोड." आतला थप थप आवाज बंद पडला होता, म्हणजे बायका कान देऊन ऐकत होत्या. शेवटी मी म्हणालो, आणि हे वाक्य मला आज पन्नास वर्षांनी लिहितानाही स्वतःच्या कानफटात मारावंसं वाटतं, "भाऊ, त्याने आता घरी बसावं. लोक तो पडतो कधी हेच बघायला येतात."

दगाभाऊ मिशी सोडून खाली बसले. आवाज एकदम शांत. "मोठा मानूस पडनार कधी याकडे जो डोळा लाई बसस, त्याना घर मी मन्ही पोर देनार नही."

सुपारी ताटात तशीच.

रेडिओ होता त्यांच्याकडे. लढत कधी आहे, कुठे लागली आहे, काहीतरी कळेल म्हणून मामांनी तो लावायला सांगितला. पण सेल उतरले होते, ते सकाळपासून घराच्या धाब्यावर, मातीच्या छपरावर, उन्हात वाळत ठेवले होते. तेव्हा तशीच रीत होती, उन्हात ठेवले की सेल थोडे जिवंत होतात. आणून घातले तर नुसती खरखर. पुढे मला कळलं की आमच्याकडच्या पहाटेच ती लढत होऊन गेली होती. आम्ही जिच्यासाठी घसे फोडत होतो ती संपलेली होती, आणि दोन्ही बॉक्सर बहुधा जेवून झोपलेही असतील. हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

मामा मध्यस्थ, त्यांची अब्रू पणाला लागलेली. त्यांनी तोड काढली की उद्या निकाल येईल, ज्याचं म्हणणं खोटं ठरेल त्याने सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या पाया पडायचं, आणि सुपारी फोडून टाकायची. दगाभाऊ म्हणाले कबूल. मीही म्हणालो कबूल. आणि मामांना वाटलं, मिटलं. या मामांच्या अकलेला काय म्हणावं मला अजून कळलेलं नाही. मी हरलो असतो तर पाया पडलो नसतो, तडक स्टेशन गाठलं असतं, हे मी मनात ठरवून टाकलं होतं. आणि मी जिंकलो असतो तर? मुलीचा बाप, गावात ज्याला लोक वाट देतात तो, भर ओसरीत पोराएवढ्या जावयाच्या पाया पडणार, आणि मग कुंकू लावून मुलगी देणार? कुणीही जिंको, लग्न मोडणारच होतं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे बाहेर बसलेल्या पुरुषांपैकी कुणाच्या आलं नाही.

आम्ही मुक्कामाला थांबायचं ठरलं आणि जेवणं झाली. मांडे, तिखट रशी, आमरस. मी हात धुवायला मागे गेलो तर सुमन मोरीपाशी घागर घेऊन उभी. इकडेतिकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला कोण जिंकणार ते खरंच ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे, अंदाज."

"मग अंदाजासाठी एवढं? घरातला मोठा माणूस काही म्हणाला तर हो म्हणायचं आणि जेवायला बसायचं. एवढंही तालमीत शिकवत नाहीत?"

"खोटं कसं म्हणू?"

तिने माझ्या हातावर पाणी ओतलं, जरा जास्तच जोरात, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने स्टेशनमास्तरकडे इंग्रजी पेपर यायचा. मराठी पेपर धुळ्याहून संध्याकाळच्या एसटीने, आणि आमची परतीची गाडी चारची. दगाभाऊ स्वतः स्टेशनवर जाऊन इंग्रजी पेपर मागून घेऊन आले. ओसरीत सगळे बसले, शेजारचे चारपाच जणही येऊन टेकले. आता वाचणार कोण? दगाभाऊ तिसरी, मी चौथी, नाना अंगठेबहाद्दर, मामांचं मराठीच अडखळत. मॅट्रिक एकटी आत. दगाभाऊंनी हाक मारली, "सुमन, ये. वाच."

ती पदर सारखा करून आली. पेपर हातात घेतला. मागून दुसऱ्या पानावर गेली. तिचे डोळे ओळींवरून फिरले, एकदा बापाकडे गेले, एकदा माझ्याकडे, आणि परत पेपरवर. किती वेळ गेला कोण जाणे. पहिल्यांदा माझ्या मनात आलं की देवा, मी हरलो असलो तर बरं, निदान हिच्या बापाला वाकावं लागणार नाही. पण तेही बाहेर बोललो नाही.

"पंधराच्या पंधरा फेऱ्या झाल्या," ती म्हणाली. "कुणीच पडलं नाही. लढत बरोबरीत सुटली."

मग दगाभाऊ म्हणाले, "पाह्य, पडना नही."

मी म्हणालो, "जिंकलाही नाही."

आणि दोघंही हसलो. कुणी कुणाच्या पाया पडायचं कारण उरलं नाही. मामांनी अडकित्ता काढला, सुपारी फुटली, गूळखोबरं वाटलं. सुमन पेपर घडी करून आत घेऊन गेली, आणि थोड्या वेळाने चुलीतून कागद जळाल्याचा वास आला. मला वाटलं, चहा टाकतेय.

तीन दिवसांनी जळगावला उस्मानच्या दुकानात गेलो. म्हटलं, बरोबरीत सुटली म्हणे. उस्मान शिवणयंत्र थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "कौन बोला?" म्हणाला. गादीखालून मराठी पेपर काढला. फोटो होता. मोठा गुडघ्यांवर आणि हातांवर, रांगणाऱ्या पोरासारखा, आणि नवा वर उभा. चौथ्या फेरीतच संपली होती. पंधरा नाहीत, चार.

मला पहिल्यांदा आनंद झाला. मग डोकं तापलं. मी बरोबर होतो, आणि मला बरोबरीवर समाधान मानायला लावलं होतं. तेही एका मुलीने, माझ्या तोंडावर खोटं वाचून. मी तो पेपर मागून घेतला, खिशात गुंडाळून घातला, आणि दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून शिंदखेड्याची गाडी पकडली. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. "भाऊ, शब्द शब्द असतो. पाया पडू नका, पण सगळ्यांसमोर म्हणा की पोरगा खरं बोलला." एवढंच मला हवं होतं. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, माझं वाक्य पक्कं होत गेलं.

गल्लीच्या तोंडाशीच सुमन भेटली, डोक्यावर धुणं. मला बघून थांबली, आणि तिची नजर सरळ खिशावर गेली. वरच्या बाजूने पेपर डोकावत होता.

"तू खोटं वाचलंस," मी म्हणालो.

"हो."

"मी बरोबर होतो."

"हो. होता."

"मग?"

"मग काय. बाबा ओसरीत बसलेत, एकटेच. जा, दाखवा." तिने धुणं सावरलं. "मी खरं वाचलं असतं तर आता तुम्ही या गल्लीत कशाला आला असता?"

ती पुढे निघून गेली. मी ओसरीपर्यंत गेलो. दगाभाऊ मिशी धरून बसलेले. भिंतीवर फ्रेम होती, पण उलटी करून ठेवलेली, फोटो भिंतीकडे. मला वाटलं पुसायला काढली असेल. इतका मी हुशार.

"काय रे भो," ते म्हणाले, "परत कसा उना?"

माझा हात खिशाकडे गेला. सगळी पाठ केलेली वाक्यं जिभेवर होती. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या हाताकडे बघत होते. बैलासारखी ती मान त्या दिवशी मला जरा खाली आलेली वाटली. आणि माझ्या तोंडून निघालं, "टोपी राहिली होती माझी."

"टोपी ते तुन्हा डोकावर शे."

"ती दुसरी."

दगाभाऊंनी मिशी सोडली. मग आत तोंड करून ओरडले, "पाहुना शे, ताट वाढा." आणि मला म्हणाले, "जेवाले बस." मी जेवलो. कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. पेपर खिशातच राहिला, परत येताना गाडीत शेंगा बांधायला दिला.

लग्न झालं. त्यानंतर तीस आखाज्या मी त्या घरी आमरस प्यायलो, आणि तीसही वेळा, वाटी भरता भरता, दगाभाऊ म्हणायचे, "बरोबरीत सुटनी म्हनीसन, नही तर जवाई हरनाच होता." सगळं घर हसायचं. मी गप्प. माझ्यासारख्या माणसाला गप्प बसणं म्हणजे काय असतं हे माझ्या तालमीला विचारा. पण दरवर्षी मला मनातून एक समाधान असायचं की म्हाताऱ्याला माहीत नाही, आणि मी मोठेपणाने सांगत नाही. त्या समाधानावर मी तीस वर्षं काढली. दगाभाऊ गेले तेव्हा खांदा देतानाही मला तेच वाटलं.

आता ओट्यावरच्या त्या चार शहाण्यांवर वैतागून आत आलो आणि हे लिहायला बसलो, तर सुमन मेथी निवडत होती. काय लिहिताय म्हणाली. मी वाचून दाखवलं. टोपीपर्यंत आल्यावर ती म्हणाली, "मग पुढचंही लिहा."

"पुढचं काय?"

"बाबांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. धुळ्याच्या एसटीने मराठी पेपर आला ना."

मी पेन खाली ठेवलं.

"स्वयंपाकघरात आले," ती म्हणाली. "विचारलं, मोठा पडना का? मी म्हटलं, पडला. त्यांनी बाहेर जाऊन फ्रेम उलटी केली. मग तुम्ही आलात पेपर घेऊन. तुम्ही जेवून गेल्यावर म्हणाले, त्याना खिसामा पेपर होता, काढा नही त्यानी. पोरगा बरा शे."

"मग तीस वर्षं मला टोमणे कशाला मारले?"

"त्यांना मजा यायची. तुम्ही कधी काढता पेपर, ते बघायची."

मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो. दगाभाऊंचा फोटो तिथे आहे, मिशीवर हात ठेवलेला. त्यांना सांगितलं, मोठ्याने सांगितलं, की तुमचा मोठा चौथ्या फेरीत पडला होता, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि हे काही बरं केलं नाहीत तुम्ही. फोटो काय बोलणार. आता भांडायला माणूस उरला नाही, हा खरा वैताग आहे. ओट्यावरचे चौघे दारातून डोकावून बघायला लागले.

आतून सुमनने विचारलं, "कुणाशी बोलताय? बाबा काही चुकीचं म्हणाले का? पोरगा बरा शे, हे खरंच की. या जेवायला."

मी हो म्हणालो आणि जेवायला बसलो.